सावरीची उशी

लेकीने ऑनलाइन एक उशी मागवली. वेष्टनावर लिहिलं होतं, 'झाडाच्या तंतूंची, पर्यावरणपूरक'. टेमघरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी उशीला नाक लावलं आणि उन्हात तापलेला, किंचित धुळकट वास आला. सावरीचा कापूस!

माहेरी, वडप्याला, आमच्या शेताच्या बांधावर सावर होती. घरातली मुलगी सासरी निघाली की त्या झाडाच्या कापसाची उशी तिच्यासोबत जायची. माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात जमीन गोडाऊनसाठी विकली गेली, झाडही तुटणार होतं. शेवटची बोंडं आई माझ्या उशीसाठी सोलत बसली होती. हा कापूस नुसत्या श्वासानेही उडतो, म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. लाइट गेली होती. पंख्याचं बटन चालूच राहिलंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

लाइट आली. पंखा कुरकुरला आणि हळूहळू सगळी खोली पांढरी झाली. देवांच्या फोटोंवर, बाबांच्या मिशीवर, आईच्या पापण्यांवर कापूस तरंगत उतरत होता.

"बटन बंद कर ना गो!" बाबा ओरडले.

आई उठून बटनापाशी गेली. त्यावर बोट ठेवून वर बघत राहिली.

"उडू द्या, अवो. पुन्हा उडायचा न्हाय."

माझी उशी पातळच झाली. तेव्हा वाटलं होतं, आईला माझ्या उशीची फिकीरच नाही.

आज नव्या उशीची चेन थोडी उघडली, चिमूटभर कापूस तळहातावर घेतला, आणि पंख्याचं बटन दाबलं.