मेमरी आणि खोडरबर

आमचे हे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले आणि गेल्या साली दुकान बंद केलं, कारण घड्याळ बिघडलं की लोक आता नवंच घेतात. तेव्हापासून घरात नुसता उच्छाद. माझी इस्त्री उघडली, मिक्सर उघडला, धडधाकट रेडिओ उघडला. "अहो, चालू आहे ना तो!" म्हटलं तर म्हणे, "आतून बघून ठेवतो." हात शिवशिवायचे त्यांचे. दाढी मात्र आठवड्यातून एकदा. "कोण येणारे?" म्हणायचे. ते ऐकलं की मला भारी वाईट वाटायचं.

लेक घरूनच काम करते, लॅपटॉपवर इमारतींचे नकाशे काढते. संध्याकाळी त्याच्यावरच मैत्रिणींबरोबर गाड्यांच्या शर्यती खेळते. हल्ली एक नकाशा उघडेपर्यंत माझी भाजी चिरून व्हायची आणि शर्यतीत हिची गाडी वळणावरच अडकून बसायची.

"रॅम कमी पडतेय," ती म्हणाली.

"म्हणजे त्यात राम उरला नाही," हे म्हणाले आणि स्वतःच हसले.

तिने जास्तीची रॅम मागवली. बोटाएवढी हिरवी पट्टी, तिलाच मेमरी म्हणतात म्हणे! पण बसवायला दुकानदार लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेणार, आणि हिला सोमवारी नकाशे द्यायचे होते.

"मी बसवतो की," हे म्हणाले.

"बाबा, ते घड्याळ नाहीये."

झालं.  दोन दिवस यांनी रेडिओलासुद्धा हात लावला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. "एक पट्टी देववत नाही तुला त्यांच्या हातात? बाप बंद पडत चाललाय, दिसत नाही का?"

रविवारी सकाळी तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. यांनी पांढरं फडकं अंथरलं, भिंग चढवलं. स्क्रू काढून बशीत गोल मांडले, बाराचा बाराला, तीनचा तीनला, म्हणजे कुठला कुठे जायचा ते चुकायला नको. नवी पट्टी जुनीच्या शेजारी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं.

पडदा काळाठिक्कर.

परत दाबलं. काही नाही. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. यांचे कान लाल झाले. पुन्हा सगळं उघडून त्यांनी जुनी पट्टी बाहेर काढली, भिंगातून निरखली आणि म्हणाले, "खोडरबर आण."

आणि घासायलाच लागले की हो!

"अहो, मेमरी पुसताय काय!" मी झडपच घातली आणि खोडरबर हिसकावलं. "पोरीचं महिन्याचं काम आहे त्यात!"

दोघं माझ्याकडे बघतच राहिले. मग बापलेक असे हसले, असे हसले, की यांच्या डोळ्यावरचं भिंग घरंगळून मांडीवर पडलं. किती महिन्यांनी हसले असतील! बावळट ठरले तरी मला बरंच वाटलं.

"अगं, काम आतल्या डिस्कवर असतं, ते कपाट," हे डोळे पुसत म्हणाले. "हे नुसतं टेबल. टेबल मोठं केलं की पसारा मावतो. या पट्टीच्या कडेचे दात काळे पडलेत, एवढंच. घड्याळातही पडतात."

मी खोडरबर परत दिलं. दात लख्ख झाले. पट्टी टक्‌ करून बसली आणि पडदा उजळला. नकाशा उघडला तेव्हा माझी अजून पहिली मिरचीही चिरून झाली नव्हती.

संध्याकाळी लेक खेळता खेळता मैत्रिणीला सांगत होती, "लॅपटॉप दुकानात कशाला? बाबांकडे आण. उद्या सकाळीच ये."

हे आतल्या खोलीत होते. ऐकलं की नाही, काही कळू दिलं नाही.

सोमवारी सातला उठून बघते, तर आरशासमोर उभे राहून दाढी करत होते.