वीतभर सरकलेली भिंत

आमच्या शाळेच्या कुंपणाची भिंत वाकडी. मधोमध तुटून तिचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर पुढे आलेला. दर सुट्टीत आम्ही भेग बुजवायचो आणि वर्षभरात ती पुन्हा दात विचकायची. मी इथला कारकून, त्यामुळे सिमेंटच्या गोण्या मागवता मागवता माझे केस पांढरे झाले.

ज्यानं ती बांधली, त्या गवंड्याला गावानं ‘वाकडे मिस्त्री’ करून टाकलं. अडतीस वर्षं झाली. घराची भिंत बांधायला कुणी त्याला बोलवेना. गटारं, हौद, कोंबड्यांची खुराडी, एवढंच काय ते काम. बाजारात जायचं तर तो शाळेचा रस्ता टाळून टेकडीला वळसा घालायचा. नळावर बायका त्याच्या बायकोला विचारायच्या, “अंथरूण तरी सरळ घालता का हो?” मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

यंदा डोंगरांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. दोन दिवस भिंत मोजून त्या ऑफिसात शिरल्या आणि म्हणाल्या, “भिंतीची काही चूक नाही. शाळेखालून जमिनीला भेग गेलीय. पलीकडची बाजू वर्षाला सहा मिलिमीटर सरकते. डोंगर अजून घडतोय.”

शाळा कमिटीचे अध्यक्ष आणि दोन सदस्य बसले होते. त्यांना समजावं म्हणून बाईंनी टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी ढकललं. कापडाला घड्या पडल्या. “जमिनीचे थर दाबाखाली असेच दुमडतात. दुमडणं झेपलं नाही, तिथे तुटतात आणि सरकतात. कोट्यवधी वर्षं हेच चालतं.” एवढ्यात अध्यक्षांचा चहा त्या डोंगररांगेत लवंडला.

“म्हणजे दोषी डोंगर,” अध्यक्ष पँट पुसत म्हणाले. ठराव झाला: डोंगराला पंधरा दिवसांची नोटीस. ती मीच टाइप केली आणि शाळेमागच्या कड्यावर मीच चिकटवून आलो. पोच म्हणून कुणाची सही घ्यायची, हे कुणी सांगितलं नाही. पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. एक सदस्य म्हणाला, गप्प बसणं म्हणजे कबुली. दुसऱ्याला शंका आली, की ही बाई मिस्त्रीच्या नात्यातली तर नसेल? शेवटी ठरलं, मिस्त्रीनं स्वतः येऊन भिंत सरळ असल्याचं दाखवावं, नाहीतर दोष त्याच्या नावावर कायमचा.

म्हातारा आला. बरोबर बायको, खिशात दोरी. भिंतीकडे त्यानं आधी बघितलंच नाही. मागच्या कड्यातले कमानीसारखे वाकलेले दगडाचे थर तो न्याहाळत राहिला.

“हे वाकडे कुणी रचले?” त्यानं विचारलं.

“कुणी नाही. आपोआप झालेत,” अध्यक्ष म्हणाले.

“थर रचताना सपाटच बसतो, साहेब. आधी सपाट होते, मागनं कुणीतरी रेटलंय.”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. हे शिकायला त्यांना कॉलेजात दोन वर्षं लागली होती, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

मग त्यानं दोरीचं एक टोक मला दिलं. पहिल्या अर्ध्या भिंतीला दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटून बसली. दुसऱ्या अर्ध्यालाही तशीच. कागद सरकवायला जागा नव्हती.

“इतकी सरळ बांधली होती, म्हणून तर मला सरकणं मोजता आलं,” बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी खाकरून मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं, “बांधकामात दोष नाही. भिंत सरळ बांधलेली आहे. जमीन सरकली.” लिहिताना मला माझीच लाज वाटत होती.

“काय लिहिलंत?” म्हाताऱ्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्यानं मागे उभ्या असलेल्या बायकोला हाताला धरून माझ्यापुढे आणलं.

“परत वाचा,” तो म्हणाला. “जरा मोठ्यानं. हिला कमी ऐकू येतं.”