पवनचक्कीखालचे पक्षी

अणदूरच्या पुढं माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि उमाबाईचं एक काम वाढलं. तिचं शेत माळाला खेटूनच. सकाळी म्हैस चारायला गेली की पात्यांखाली काही ना काही मरून पडलेलं असायचं. घार, ससाणा, कधी पंख तुटलेला करकोचा. कुत्र्यांनी ओढाओढ करायच्या आत ती खुरप्यानं खड्डा करून पाखराला माती द्यायची, वर चिमूटभर विभूती टाकायची. लिंगायताच्या घरात मेलेल्या माणसाला माती देतात. मग पाखरानं काय घोडं मारलं होतं? सून हसायची. उमाबाई लक्ष द्यायची नाही.

अशात राजेश्वरी आली. लातूरकडची पोर, विद्यापीठात संशोधन करणारी. दर आठवड्याला यायची आणि चक्क्यांखाली मान खाली घालून फिरायची. काय शोधतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "गवताचा अभ्यास आहे, अव्वा." शोधत होती ती मेलेली पाखरंच, चक्क्यांनी किती मरतात ते मोजायला. पण गावाला कळू द्यायचं नाही, अशी तिच्या सरांची ताकीद होती. न जाणो, कुणी पाखरं उचलून नेईल, कुणी आणून टाकील. खेड्यातला माणूस लबाडच असणार, याची या शिकलेल्या मंडळींना कोण खात्री! तो मायाही करील, हे त्यांच्या डोक्यात येत नाही. राजेश्वरीनं सरांचं ऐकलं.

उमाबाईला मात्र पोरीचा लळा लागला. ती यायच्या दिवशी उमाबाई उजाडताच माळ पालथा घालायची, एकूण एक पाखरू मातीआड करायची. पाहुण्या पोरीच्या नजरेला असलं अभद्र पडू नये. मग तिच्यासाठी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन जायची.

वर्षभरानं कंपनीला चक्क्यांची दुसरी रांग हवी झाली, तलावाकडच्या टेकडीवर. तिथल्या हिवराच्या झाडावर गरुडाची जोडी दरवर्षी घरटं करायची. गावात बैठक बसली. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली उमाबाई उठली. "तिथं नगा. लई पाखरं मरत्यात." कंपनीच्या साहेबांनी हसून अहवाल पुढं केला. शास्त्रीय अभ्यास झालाय, वर्षभरात एकही मेलेला पक्षी सापडला नाही. खाली नाव राजेश्वरीचं. लोकही हसले.

राजेश्वरी बैठकीला आली होती. उमाबाईनं तिला बाहेर गाठलं.

"गवत बघती म्हनलीस. आन् ह्ये काय लिवलंस? कुनी पढवलं तुला?"

"शपथ, अव्वा. वर्षभर पाय झिजवले, एक पक्षी दिसला नाही."

"दिसंल कसा? म्या पुरत व्हते की!"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा?"

दोघींनी माळ उकरला. हाडं, पिसं ढिगानं निघाली. राजेश्वरीनं पोतं भरून कंपनीच्या कचेरीत नेलं. अभ्यासाची मुदत संपली, आता ही हाडं कधीची आणि कुठली कुणी सांगावं, म्हणून साहेबांनी तिला वाटेला लावलं. सरांनीही हात वर केले. राजेश्वरी पुन्हा गावात आली नाही.

टेकडीवर रांग उभी राहिली. पहिल्याच हिवाळ्यात गरुडाची मादी पात्याखाली पडली. उमाबाईनं खुरपं घरीच ठेवलं. काठी घेऊन ती पाखराजवळ बसली, कुत्री हाकलत.

सून बोलवायला आली. "अव्वा, माती द्या की तिला. वास मारतोय."

"न्हाय. मोजनारं कुनीतरी यिऊ दे."

मोजायला कुणी आलं नाही. उन्हावाऱ्यात बसून शेवटी उमाबाई तापानं अंथरुणाला खिळली, आणि कुत्र्यांचं फावलं.