करडं झालेलं गाणं

आज सकाळी आईच्या फोनवर, गाण्यांच्या अ‍ॅपमधल्या यादीतलं एक गाणं करडं झालेलं दिसलं. बोट लावलं तरी वाजेना. लग्नानंतर बाबांनी दुकानदाराला गाण्यांची यादी देऊन तिच्यासाठी कॅसेट भरून घेतली होती, त्यातलं हे पहिलं गाणं. "आता सगळं फोनमध्येच आहे," म्हणत ती कॅसेट मीच भंगारात दिली. अ‍ॅपच्या कंपनीची वर्गणी दरमहा भरतोय, मग गाणं गेलं कुठे? चोरी म्हणावी, तर ते माझं कधी होतं का, हेही कळेना.

आई मेथी निवडत म्हणाली, "राहू दे रे, त्यांना हवं असेल."

कॅसेटबद्दल ती काहीच बोलली नाही. आणि 'त्यांना' म्हणजे त्या कंपनीतल्या नेमक्या कुणाला, हे मलाही सांगता आलं नसतं.