आपला संगणक जुना आहे

पुण्याची बस सुटायला पाच मिनिटं असताना पप्पांनी खिडकीतून हात आत घालून माझ्या मांडीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवला. जास्तीच्या छापल्या गेलेल्या, मागून कोऱ्या. "लिहायला होतील. तिथं कागद नसतो म्हणतात." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कुणी बघतंय का, हे आधी पाहिलं आणि मग गठ्ठा बॅगेत कोंबला. गाव सोडलेल्यांपैकी ज्यांनी असं कधी केलं नाही, त्यांनी पुढचं वाचू नये.

गावी, औरंगपुऱ्यात पप्पांचं पत्रिका छापायचं दुकान आहे. तिथला संगणक अजून विंडोज सेव्हनवर चालतो, कारण पत्रिका कापायचं यंत्र दुसऱ्या कशालाच जुमानत नाही आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. पप्पा पत्रिकेची मांडणी ज्या सॉफ्टवेअरवर करतात, तेच बनवणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली. पप्पांनी ते गल्लीभर सांगितलं. मी ऑफिसात पप्पांविषयी अवाक्षर काढलं नाही.

ऑफिसात एकानंही छापखाना आतून पाहिलेला नाही. बीनबॅगवर लोळत ते छापखानेवाल्यांच्या गरजा ठरवतात. आमचे टीम लीड मीटिंगमध्ये म्हणाले, "सेव्हनवाले मेलेत. त्यांना फक्त कुणी कळवलं नाहीये." सगळे हसले. मीही हसले. कळवायचं काम माझ्याकडेच आलं, कारण टीममध्ये मराठी लिहिणारी मी एकटी. स्क्रीनवर झळकायचं वाक्य मी लिहिलं : 'आपला संगणक जुना आहे. हे सॉफ्टवेअर आपल्यासाठी नाही.' लीड म्हणाले, "क्लीन."

लग्नसराईच्या तोंडावर पप्पांचा फोन आला.

"बेटा, अपडेट करू का म्हणालं, मी व्हय म्हणालो. आता जुनं बी गेलं अन् नवं बी येईना. चार घरच्या पत्रिका अडकल्यात."

मग त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं, पत्रिकेचं प्रूफ वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून. "आपल्यासाठी नाही म्हणतंय. माझं काय चुकलं का गं?"

चूक माझी होती. संगणक जुना आहे का, हे माझा कोड जुनी आवृत्ती पुसून झाल्यावर तपासत होता. मुळात नवी आवृत्ती तिथं चालत का नव्हती, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट शोधलं. स्क्रीनवरच्या प्रोग्रामच्या खिडकीच्या कडेला एक मऊ सावली पडावी म्हणून आम्ही विंडोजची एक नवी सोय वापरली होती. सेव्हनमध्ये ती नाही, म्हणून प्रोग्राम उघडायलाच नकार द्यायचा. एका सावलीसाठी इतकी माणसं मेलेली ठरवली होती.

आई शेजारी काही मागायला गेली की दारातूनच म्हणायची, "असलं तर द्या, नसलं तर ऱ्हाऊ द्या." मी कोडला तेवढंच शिकवलं. सोय आहे का विचार. असेल तर सावली पाड, नसेल तर गुमान कामाला लाग. पंधरा ओळी. स्टोअररूममधल्या एका धूळखाऊ संगणकावर सेव्हन टाकून चालवून पाहिलं. उघडलं. माझं वाक्य काढून टाकलं.

"हे कुणासाठी?" लीडनी सगळ्यांसमोर विचारलं.

"माझ्या वडिलांसाठी. ते सेव्हनवाले आहेत."

कुणीतरी "सो स्वीट" म्हणालं. मीटिंगमधल्या त्या हसण्यापेक्षा मला हे जास्त किळसवाणं वाटलं. पण पंधरा ओळी त्याच दिवशी नव्या अपडेटमध्ये गेल्या.

दुसऱ्या दिवशी पप्पांचा फोन. "झालं बघ सुरू. अन् ते आधीचं वाक्य लिहिणाऱ्याला सांग, लई उद्धट होतं."

"सांगते," मी म्हणाले.

इथं लोक घराविषयी हळवं बोलतात, सणासुदीला फोटो टाकतात. मला ते जमत नाही. माझ्या टेबलावर आता तो धूळखाऊ संगणक आहे. काहीही नवं बनवलं की आधी त्यावर उघडून बघते. त्यावर जे उघडत नाही, ते मी पुढे जाऊ देत नाही. शेजारी पत्रिकांचा गठ्ठा आहे, छापील बाजू वर करून ठेवलेला.