साखरपुड्यातलं लग्न

लातूरच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर बाण काढून सत्यशीलेला शिकवलं, फोर्स म्हणजे बल. अर्धापूरला केळीच्या बागेत तिचे वडील अमृतराव नळी हातात धरून करवादायचे, "आज पाण्याला फोर्सच न्हाई." डॉक्टरकीपुरते मार्क पडले नाहीत, पोरगी घरी परतली आणि त्याच शब्दाचा तिसरा अर्थ तिनं मनाशी धरला. फोर्समध्ये जायचं, पोलीस व्हायचं. रोज पहाटे ती कॅनॉलच्या रस्त्यानं पळायची. गावानं आधी नावं ठेवली, मग तोंडं दुखली म्हणून सोडून दिलं. आठशे मीटर तिनं पावणेतीन मिनिटांत आणलं होतं.

नांदेडला शुक्रवारी मैदानी चाचणी होती. साखरपुडा बुधवारी ठरला. मुलगा मुदखेडचा दयानंद, शांत आणि निर्व्यसनी. तिनं हो म्हटलं. साखरपुड्यानंतर लग्नाला चार-सहा महिने तरी लागतील, तोवर अंगावर वर्दी असेल, असं ती धरून चालली. आपल्या मुलखात जन्म काढून एवढी भोळी कशी राहिली, कुणास ठाऊक.

कुंकू लागलं, साडी झाली आणि चुलते माणिकप्पा मांडवात उभे राहिले. "सोयरे जमलेच हायेत. साखरपुड्यातच लगीन उरकू. दोन्हीकडचा खर्च वाचंल." लोकांनी माना डोलावल्या. ब्राह्मणानं मुहूर्तही काढला, बारा पस्तीसचा.

अमृतराव आतल्या खोलीत आले. भला माणूस, डोळे भरलेले. "माय, तुझ्यावर फोर्स न्हाई. नको वाटत असंल तर सांग. आत्ता पाव्हन्यायला वाटंला लावतो."

बाहेर तीनशे माणसं मुठीत अक्षता घेऊन बसली होती. आई हातात मुंडावळ्या धरून दारात थांबली होती. सत्यशीलेनं त्या मुंडावळ्यांकडं पाहिलं. तिची मान खाली गेली, आणि खाली गेलेली मान म्हणजे होकार, हे तिथं सगळ्यांनाच पाठ होतं.

गुरुवारी रात्री तिनं धीर करून दयानंदला हॉलतिकीट दाखवलं. तो म्हणाला, "माझी काय हरकत न्हाई. मायला इचार." सासू रुक्मिणबाईही प्रेमानंच बोलली. "जा की बाई, कोन अडवतंय? पन अंगाची हळद उतरेस्तोवर नवरीनं येस वलांडू नये. पुढल्या भरतीला जा." पुढची भरती कधी निघेल आणि तोवर वय उरेल का, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अमृतराव केळीची फणी आणि लाडू घेऊन लेकीला बघायला आले. ओसरीवर व्याह्याला अभिमानानं सांगू लागले, "आमी पोरीवर कवाच फोर्स केला न्हाई. इचारा तिला."

सगळे तिच्याकडं बघू लागले. नऊ वाजले होते. नांदेडच्या मैदानावर तिचा नंबर पुकारून झाला असेल. सत्यशीलेनं पदर सारखा केला आणि चहाचा कप बापापुढं ठेवला.

"न्हाई केला, अण्णा," ती म्हणाली. आणि ते खरं होतं, म्हणूनच रडायचं तरी कुणाच्या नावानं, हे तिला कळेना.