झोपाळ्याचा आडवा भार

झोपाळा कुरकुरतो म्हणून मी त्याच्या बेअरिंगमध्ये खोबरेल तेल ओतलं आणि ही कर्तबगारी फोनवर बायकोच्या मामांना सांगून बसलो. अख्ख्या नवी मुंबईत दुसऱ्या कुणालाही सांगितली असती तरी खपली असती. पण फिरणारी प्रत्येक वस्तू काहीतरी लपवत असते, यावर मामांचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरही नसेल.

मामांचा जन्म पंपाच्या कारखान्यात बेअरिंग तपासण्यात गेला. आता रिटायर होऊन उरणला असतात. संशय मात्र अजून ड्यूटीवर आहे. सीवूड्सच्या मॉलमध्ये सामानाची ट्रॉली घेतली की आधी उलटी करून चाकं फिरवून बघणार. मामांचा ट्रॉलीवर संशय आणि सिक्युरिटीवाल्याचा मामांवर! लग्नाच्या हॉलमध्ये नवरीकडे बघायच्या आधी डोक्यावरच्या पंख्याकडे बघतील आणि मुकाट्यानं खुर्ची बदलतील. "सरळ भार सगळे कबूल करतात, जावईबापू," ते मला नेहमी बजावतात, "आडवा भार कुणीतरी चोरून देतो. दोन्ही एकदम आले की बेअरिंग खलास."

तर फोनच्या दुसऱ्याच सकाळी मामा दारात हजर. चपला काढता काढताच त्यांनी जाहीर केलं, "दोष सापडला नाही, तर झोपाळा उतरवून परत नेणार." बायको पोळ्या टाकून बाहेर आली. झोपाळा मूळचा मामांच्या घरचा. मामी गेल्यावर त्यांनीच तो आमच्याकडे आणून टांगला, पण स्वतः कधी त्यावर टेकले नाहीत. आणि बायकोकडे मामीचं म्हणून तेवढंच उरलेलं.

मामांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडीजवळ टेकवलं, आतला आवाज ऐकायला मूठ कानाला लावली. "बसा. हला."

मी हललो.

"यावर तिरकं कोण बसतं?"

"कुणी नाही हो."

"मग आडवा भार काय शेजारी देऊन जातात?"

डावीकडचं बेअरिंग उतरवून त्यांनी रॉकेलनं धुतलं आणि उजेडात धरलं. छर्रे धावतात त्या खाचेत चकाकणारी रेघ मधोमध हवी, ती पार काठाला सरकली होती. "हे बघा! डाव्या टोकाला बसून एका पायानं रेटा द्यायचा. झोपाळा वाकडा जातो आणि हे असं होतं." माझ्याकडे असे बघत होते की मी न केलेला गुन्हा कबूल करायच्या बेतात आलो.

तेवढ्यात बायको म्हणाली, "मामा, हे मध्ये तंगड्या पसरून बसतात. त्या टोकाला मामी बसायची."

मामांनी बेअरिंग पुन्हा उजेडात धरलं.

"मी सांगायचो तिला, मध्ये बस म्हणून," ते म्हणाले. "तर म्हणायची, तुम्ही याल तेव्हा जागा नको? आणि मी आपला कुठल्यातरी पंपाला कान लावून."

त्यांनी पिशवीतून नवं बेअरिंग काढून बसवलं. जुनं रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग जणू कुणी बघत नाही असं धरून ते झोपाळ्यावर बसले, उजव्या टोकाला, आणि एका पायानं रेटा दिला. झोपाळा चांगलाच वाकडा गेला. मी "मामा, जरा मध्ये..." म्हणणार, तोच बायकोनं दंडाला चिमटा काढला.

निघताना मामा एवढंच म्हणाले, "राहू दे इथेच."

बायकोनं दार लावलं. मग म्हणाली, "अहो, पुन्हा कुरकुरला ना, तर तेल घालू नका. मामांना फोन करा."